‘माझं खातं माझं आहे’ म्हणणारा इंजिनिअर बरोबर आहे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चाकणच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत मार्केटिंग बघता. हाताखाली तिघं, कंपनीत एकूण १४० माणसं. तुमचे एमडी एका सेमिनारला जाऊन आले आणि कंपनीच्या पेजवरची प्रत्येक पोस्ट सगळ्यांनी आपापल्या लिंक्डइनवर शेअर करायची असं ठरलं. दर शुक्रवारी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न करणाऱ्यांची नावं पडतात. एप्रिलपासून हे अप्रेझलमध्ये धरायचं चाललंय. गूगलवर कंपनीला पाच स्टार द्यायलाही सांगितलंय. एका सर्व्हिस इंजिनिअरने तुम्हाला तोंडावर सांगितलं, ‘माझं खातं माझं आहे.’ आणि तुम्ही विचारताय की लोकांना तयार कसं करू.

मी २३ वर्षं पंप, व्हॉल्व्ह, कास्टिंग अशा मालाचं मार्केटिंग करते. आधी कोल्हापुरात केलं, नंतर भोसरी-चाकण पट्ट्यात. तुमच्या खुर्चीत मी बसलेली आहे, आणि तेव्हा मी साहेबांचीच बाजू घेतली होती. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी साहेबांच्या म्हणण्यात खरं काय आहे ते बघू. सेमिनारमध्ये त्यांनी ऐकलं असणार की कंपनीच्या पेजपेक्षा माणसाच्या खात्यावरची पोस्ट जास्त जणांपर्यंत जाते. माझाही अनुभव तोच आहे. कंपनीचं पेज ही दुकानाची पाटी असते, येताजाता दिसते, पण पाटीशी कोणी बोलायला थांबत नाही. पुढचा हिशोब मात्र चुकतो. १४० जणांनी एकच पोस्ट शेअर केली म्हणून ती १४० पट लोकांना दिसत नाही, कारण हे १४० जण बहुतेक एकमेकांनाच ओळखतात. मी एकदा ३० सहकाऱ्यांच्या लिंक्डइनवरच्या ओळखी, त्यांना विचारून, एकत्र तपासल्या होत्या. ग्राहक कंपन्यांच्या परचेस, मेंटेनन्स किंवा प्रोजेक्टमधली माणसं फक्त सहा जणांच्या यादीत सापडली. चौघं सेल्सचे, दोघं सर्व्हिसचे. उरलेले २४ जण तीच पोस्ट आपल्याच कंपनीतल्या, आधीच्या नोकरीतल्या आणि कॉलेजच्या मित्रांना दाखवत होते. स्टोअरमधल्या माणसाने शेअर केलेली पोस्ट अकाउंट्सच्या माणसाने बघितली, तर त्यातून पंप विकला जात नाही.

हे तुम्ही या आठवड्यात करू शकता. दहा जणांची परवानगी घ्या, याद्या बघा, आणि साहेबांसमोर तो आकडा ठेवा. कारखान्याच्या मालकाला ‘लोकांच्या भावना दुखावतात’ यापेक्षा ‘या मेहनतीतून ग्राहकापर्यंत काही जात नाही’ हे लवकर पटतं, असं मला वारंवार दिसलं आहे. दोन्ही खरं आहे, पण सुरुवात दुसऱ्या मुद्द्याने करा.

आता माझी चूक. २०१८ मध्ये मी स्वतः असं रजिस्टर ठेवलं होतं. एक्सेलची शीट, नावापुढे शेअरची खूण, महिन्याच्या मीटिंगला पडद्यावर. तीन महिन्यांत आकडे छान चढले आणि मला वाटलं जमलं. मग आमच्या डिझाइनमधल्या एका मुलीने सहज बोलता बोलता सांगितलं की तिने आणि आणखी दोघांनी यासाठी वेगळी खाती काढली आहेत. खरं खातं त्यांना या पोस्टांनी भरायचं नव्हतं. म्हणजे मी महिनोन् महिने ज्या खुणा मोजत होते त्यातल्या काही रिकाम्या खात्यांवरच्या होत्या. त्या तीन महिन्यांत लिंक्डइनवरून आलेली एन्क्वायरी शून्य. त्याहून जास्त लागलं ते हे, की तिने हे मला सांगायला तीन महिने घेतले. ती माझ्याशी मोकळेपणाने बोलायची. रजिस्टर आल्यावर ती जपून बोलायला लागली होती.

तेव्हा मला कळलं की आपण माणसाकडे नुसतं एक बटण दाबायला मागत नाही, त्याची पत उसनी मागतो. खात्यावर नाव त्याचं, फोटो त्याचा, आणि तो उद्या दुसरीकडे गेला तरी ते खातं त्याच्याबरोबर जाणार. तुमचा सर्व्हिस इंजिनिअर दहा वर्षं प्लांटमध्ये फिरून, रात्रीबेरात्री पंप चालू करून देऊन, मेंटेनन्सच्या माणसांत जे नाव मिळवून बसलाय ते त्याचं भांडवल आहे. तिथे ‘आमच्या कंपनीतर्फे हार्दिक शुभेच्छा’ची निळी पाटी लावायला तो तयार नसेल, तर तो असहकार करत नाही. तो आपल्या नावाची किंमत तुमच्या-माझ्यापेक्षा नीट ओळखतो.

गूगलच्या पाच स्टारबद्दल मी अजिबात मध्यम मार्ग सांगणार नाही. ते आजच थांबवा. आपल्याकडे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे, ॲस्कीचे, इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू झाले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्राने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ती समजावणारी पुस्तिका आली. या सगळ्यांत एक सूत्र आहे: स्तुती करणाऱ्याचा आणि कंपनीचा काही संबंध असेल, पैशाचा, फुकट वस्तूचा, नात्याचा किंवा नोकरीचा, तर तो वाचणाऱ्याला कळला पाहिजे. लिंक्डइनवर नावाखाली कंपनीचं नाव दिसतं, त्यामुळे तिथे वाचणारा समजून घेतो. गूगलवरचा ‘उत्तम सेवा, नक्की घ्या’ हा अभिप्राय ग्राहकाचा आहे असंच कोणीही धरेल. खुद्द गूगलच्या नियमांतही आपल्याच नोकरीच्या ठिकाणाला असे तारे देणं बसत नाही. आणि व्यवहाराचं सांगायचं तर, तुमचा ग्राहक नावं ओळखतो. ज्याने काल कोटेशन पाठवलं त्याचंच नाव आज पाच स्टारखाली दिसलं, तर त्या कोटेशनमधल्या बाकीच्या आकड्यांवरही तो शंका घेईल.

शुक्रवारची यादीही थांबवा, तीही आजच. साहेबांना वाटत असेल की ग्रुप आतला आहे. आतलं असं आता फारसं काही राहिलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं कर्मचाऱ्यांसमोरचं बोलणं व्हिडिओतून बाहेर आलं आणि आठवड्याला ९० तास, रविवारी काम, यावर देशभर दिवसेंदिवस चर्चा चालली. त्याच्या महिनाभर आधी घरपोच सलून सेवा देणाऱ्या नोएडाच्या येसमॅडम कंपनीचा एक ईमेल पसरला होता, ताण असल्याचं सांगणाऱ्या कर्मचाऱ्यांना काढल्याचा. लोक संतापले, तेव्हा कंपनीने सांगितलं की कुणालाही काढलेलं नाही, कामाच्या ताणाकडे लक्ष वेधण्यासाठी ते ठरवून केलं होतं, आणि माफी मागितली. ही दोन्ही उदाहरणं मोठी आहेत, तुमची कंपनी लहान. पण चाकणमध्ये नोकरी शोधणारा माणूस आधी तुमच्याकडे काम केलेल्या ओळखीच्याला फोन करतो. ‘शेअर न करणारे : ११’ असा स्क्रीनशॉट त्या फोनबरोबर फिरला, तर तुम्ही वर्षभर केलेलं मार्केटिंग तिथे उपयोगाचं नाही.

मग काय करायचं? इथे मला दोन-तीन गोष्टी माहीत नाहीत ज्यांवर बरंच अवलंबून आहे. तुमचे पंप डीलरमार्फत शेतीला आणि बिल्डिंगला जातात की थेट केमिकल, साखर, औषध कारखान्यांना? डीलरचा माल असेल तर लिंक्डइनवर फार जीव काढू नका. तुमचा ग्राहक तिथे नाही, तो व्हॉट्सअ‍ॅपवर आणि यूट्यूबवर आहे. पुढचं मी थेट कारखान्यांना माल जातो असं धरून सांगते, कारण तुमच्याकडे सर्व्हिस इंजिनिअरांची टीम आहे असं तुम्ही लिहिलंय.

कारखान्याचा ग्राहक पोस्ट बघून ऑर्डर देत नाही. आधी व्हेंडर नोंदणी, मग चौकशी, कोटेशन, ऑडिट, ट्रायल. माझ्या कामात हे सहा ते नऊ महिने सहज चालतं. लिंक्डइनचं काम त्यात एका छोट्या जागी असतं. तुमच्या माणसाने मीटिंग मागितली की समोरचा मेंटेनन्स हेड आधी त्याचं नाव शोधून बघतो. तिथे त्याला शुभेच्छांच्या पाट्या दिसल्या तर तो विषय तिथेच सोडतो. तिथे त्याला स्वतःच्या प्लांटमधला त्रास ओळखणारा माणूस दिसला तर तो फोन उचलतो. आपल्याला एवढंच साधायचंय, आणि त्यासाठी १४० माणसं लागत नाहीत. पाच-सहा लागतात.

एक खरं उदाहरण देते. आमचा एक सर्व्हिस इंजिनिअर लिहायला मुळीच तयार नव्हता. मी त्याला शेअर करायला सांगणं बंद केलं आणि दर शनिवारी चहाला बसून विचारायला लागले, या आठवड्यात काय झालं? एकदा तो म्हणाला, एका ठिकाणी दर दोन-तीन महिन्यांनी मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टजवळून गळती रोखणारा भाग) जातंय, तिसरं सील बदलायला बोलावलं होतं. पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येत होता. त्याने सील बाजूला ठेवलं आणि सक्शनचा स्ट्रेनर, म्हणजे पंपात पाणी येतं त्या बाजूची गाळणी, उघडला. तो निम्म्याहून जास्त चोंदलेला. पंपाला पुरेसं पाणी मिळत नव्हतं, आत बुडबुडे होऊन फुटत होते, पंप थरथरत होता आणि ती थरथर सीलला मारत होती. स्ट्रेनर साफ केला, आवाज गेला. मी त्याचंच बोलणं आठ ओळींत उतरवलं: ‘सील वारंवार जात असेल तर नवं सील मागवण्याआधी सक्शनचा स्ट्रेनर उघडून बघा.’ कंपनीचं नाव नाही, मॉडेल नंबर नाही. ते त्याने वाचलं, दोन शब्द बदलले आणि स्वतःच्या खात्यावर टाकलं. पसंतीच्या खुणा ४०सुद्धा नव्हत्या. पण खाली तीन कारखान्यांच्या मेंटेनन्सच्या माणसांनी आपापला त्रास लिहिला, आणि त्यातल्या एकाकडून पुढे सात महिन्यांनी आमच्याकडे चौकशी आली. त्या पोस्टवर आमच्या लोकांनी कोणी न सांगता प्रतिक्रिया दिल्या, कारण त्यांना त्याचा अभिमान वाटला होता.

अभिमान वाटला की लोक आपणहून दाखवतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. खंडेनवमीला मशिनची पूजा होते. झेंडूची तोरणं, सीएनसीला हार, ऑपरेटर नवा शर्ट घालून आपल्या मशिनशेजारी उभा. त्या दिवशी किती जणांच्या स्टेटसला कारखाना असतो ते आठवा. कोणी यादी केलेली नसते. त्या फोटोत त्याचं मशिन आहे, तो स्वतः आहे.

फोटोवरून एक सावधगिरी, आणि ही मी महागात शिकले. २०१६ मध्ये एका कंपनीत असताना मी डिस्पॅचचा एक सुंदर फोटो पेजवर टाकला. पाठीमागच्या रॅकमध्ये दुसऱ्याच ग्राहकाचा पार्ट होता आणि टॅगवरचा पार्ट नंबर स्पष्ट वाचता येत होता. त्या ग्राहकाशी आमचा गुप्ततेचा करार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या क्वालिटीचा फोन आला. पोस्ट काढली, तरी लेखी खुलासा द्यावा लागला आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार हे कागदावर मांडावं लागलं. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे की शॉप फ्लोअरचा कुठलाही फोटो बाहेर जाण्याआधी क्वालिटीचा एक माणूस तो मोठा करून बघतो: टॅग, ड्रॉइंग, फलक, संगणकाचा पडदा, आणि माणसांच्या डोळ्यावर गॉगल, पायात सेफ्टी शूज आहेत की नाहीत. तुम्ही लोकांना ‘टाका, टाका’ म्हणत असाल आणि ही सोय केलेली नसेल, तर उद्याच्या चुकीचा दोष एखाद्या बिचाऱ्या ट्रेनीवर येईल. तो त्याचा नसेल, तुमचा असेल.

साहेब एक हरकत नक्की काढतील. इंजिनिअरचं नाव असं पुढे केलं तर दुसरी कंपनी त्याला उचलेल. ही भीती खोटी नाही. माझ्याकडे पोस्ट लिहिणाऱ्यांपैकी दोघांना बाहेरून विचारणा झाली आणि त्यातला एक गेलाही. तरी मी पुन्हा तेच करेन. ज्याला शोधायचंय त्याला तुमची माणसं तशीही सापडतात, आणि ज्याचं काम त्याच्या नावानिशी मांडलं जातं तो माणूस माझ्या अनुभवात जास्त काळ टिकतो. जो गेला तो आज एका ग्राहक कंपनीत आहे आणि पंपाचा विषय निघाला की आम्हाला फोन करतो.

पहिली पोस्ट मात्र साहेबांची हवी. तुमच्याकडून लिहून घेतलेली नको, त्यांची. बहुतेक लहान कारखान्यांचे मालक स्वतः मशिनवर उभे राहिलेले असतात आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं. त्यांना लिहायला वेळ नसतो एवढंच. मी मालकांना सांगते, गाडीतून जाताना मराठीत व्हॉइस मेसेज पाठवा, मी उतरवते. पहिला पंप परत आला तेव्हा काय झालं होतं? कुठला ग्राहक गमावला आणि का? असं काही मालकाने मोकळेपणाने सांगितलं की खालच्या लोकांना कळतं इथे काय बोलायला हरकत नाही. एमडींच्या खात्यावर दोन वर्षांत एकही स्वतःची ओळ नसेल आणि ते फिटरला विचारत असतील ‘तू का नाही टाकलंस’, तर त्यांच्या सांगण्याला वजन कसं येणार?

ऑपरेटर, फिटर भरतीसाठी पोस्ट हव्या असतील तर त्या लिंक्डइनवर टाकून थकू नका. आयटीआय आणि डिप्लोमाची मुलं मला कायम फेसबुकवरून आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मिळाली. साध्या मराठीत पगार, शिफ्ट, बस कुठून सुटते आणि कँटीन आहे का, एवढं लिहा.

मोजायचं काय, हे साहेब पहिल्याच मीटिंगला विचारतील. एन्क्वायरी रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा: ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ फोन घेणाऱ्या प्रत्येकाने तो विचारायचा. लिहिणाऱ्या पाच-सहा जणांना महिन्यात ग्राहकाकडच्या किती माणसांनी काही विचारलं, तेही लिहून ठेवा. तीन महिन्यांत ऑर्डर दिसणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगा. आधी सांगितलं तर ते नियोजन वाटतं. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

हे सगळं मांडूनही ते अप्रेझलवर अडून बसले तर? तुमची अडचण मला कळते. वरचा हुकूम आणि खालची माणसं यांच्यामध्ये तुम्ही आहात. तेव्हा निदान एवढं करा: ती अट फक्त मार्केटिंग आणि सेल्सच्या लोकांपुरती ठेवायला सांगा, कारण त्यांच्या कामाचा तो भाग आहे, आणि त्यातही शेअरची संख्या न धरता त्यांनी ग्राहकाला उपयोगी असं काय मांडलं ते धरायला सांगा. एचआरला सोबत घ्या. आणि तुमच्या टीमला हे पटलंय असं खोटं सांगू नका. ‘मला हे पटलेलं नाही, मी वर बोललोय, सध्या एवढं करावं लागेल’ असं म्हणणाऱ्या लीडवर लोक विश्वास ठेवतात. माझ्या त्या डिझाइनमधल्या मुलीला मी हे शब्द बोलू शकले असते, आणि तेव्हा बोलले नाही.

त्या सर्व्हिस इंजिनिअरकडे सोमवारी जा. शेअरचा विषय काढू नका. त्याने तुम्हाला खरं तोंडावर सांगितलं त्याबद्दल आभार माना, शुक्रवारच्या यादीत त्याचं नाव पडलं असेल तर त्याबद्दल माफी मागा, आणि मागच्या व्हिजिटला काय बिघडलं होतं ते विचारा. वही बरोबर ठेवा.